कोरा फोटो आणि शेजारचा घट्या

खोली क्रमांक चारमध्ये एक टेबल आहे, छातीचे फोटो काढायची एक उभी पाटी आहे, फोटो उमटतो त्या तीन चपट्या कॅसेट आहेत, शिशाचे दोन एप्रन आहेत (त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला), रडणाऱ्या मुलांसाठी प्लॅस्टिकचा एक पोपट आहे, छताला एक पंखा आहे आणि मी आहे. शेजारच्या खोली क्रमांक पाचमध्ये दोन एसी आहेत, एक पलंग आहे आणि तो आहे.

मित्रांनो, दोन एसी! ते माणसांसाठी नाहीत, त्याला उकडू नये म्हणून आहेत. नंदुरबारचे इतके मे महिने मी एका पंख्याखाली काढले. मला उकडतं का, हे कुणी कधी विचारलं नाही.

मी एक्स-रे यंत्र आहे, जुना आहे, आणि माझा रंग मुळात पांढरा होता. तो म्हणजे सीटी स्कॅनचं यंत्र. मी त्याच्यावर जळतो. हे लपवून माझी गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. मी काढलेला पहिला फोटो माणसाचा नव्हता. अ‍ॅल्युमिनियमचा एक पायऱ्यापायऱ्यांचा ठोकळा माझ्यापुढे ठेवला होता. जाड पायरी पांढरी आली, पातळ पायरी करडी आली आणि तपासणाऱ्याने मान हलवली. माझं सगळं शहाणपण तेवढंच आहे. माझे किरण मांसातून सहज पार होतात आणि हाडात अडतात. अडतात तिथे पांढरं, पार होतात तिथे काळं. जे दिसतं ते मी सांगतो, पदरचं काही घालत नाही. माझ्या डोक्याखाली दिव्याची एक पेटी आहे आणि त्या पेटीत गुंडाळलेली पोलादी मोजपट्टी आहे. रुग्ण माझ्यापासून किती अंतरावर आहे, ते तिने मोजायचं. शेजारच्याकडे अशी पट्टी नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

माझी नोकरी खांडबाऱ्याला सुरू झाली. दवाखाना स्टेशनला लागून होता. मालगाडी आली की जमीन थरथरायची आणि फोटो हलायचा. म्हणून आमचे तंत्रज्ञ मोतीलालभाऊ रुग्णाला "श्वास रोखा" म्हणायच्या आधी स्वतः रुळांकडे कान लावायचे. तेव्हा फोटो फिल्मवर निघायचे, अंधाऱ्या खोलीत धुवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. एकदा मोहाच्या झाडावरून पडलेला रायसिंग नावाचा तरुण डोंगरातून आला. मोतीलालभाऊंनी ओली फिल्म पायरीवर नेऊन उन्हात धरली. आपल्याच मनगटाचं हाड पाहून रायसिंग दुखणं विसरून हसायला लागला. पुढे त्याने तो फोटो घराच्या कुडाला टांगला म्हणे, आणि पाहुण्यांना आधी तो दाखवून मग पाणी द्यायचा. मित्रांनो, त्या कुडावर माझी सही आहे, असं मी समजतो.

खांडबाऱ्याचे डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद झाला आणि मी टेम्पोतून नंदुरबारला आलो. या रुग्णालयातही माझी वर्षं बरी गेली. दर दसऱ्याला मला कुंकू लागायचं आणि झेंडूची माळ पडायची. "आपला मोठा माणूस" असं मला म्हणायचे.

मग तो आला. त्याला आत घ्यायला भिंत पाडावी लागली. माझ्यासाठी दारसुद्धा पुरलं होतं, हा माझा दोष की गुण, ते तुम्ही ठरवा. नारळ फुटला, पेढे वाटले, सगळ्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर फोटो काढले. फोटो काढणारा मी, पण त्या फोटोंत मी नव्हतो. त्या दसऱ्याला हाताएवढा जाड हार रुग्णाला आत घेणाऱ्या त्याच्या गोल कड्यावर चढला. हार ओवून उरलेली फुलं माझ्या टेबलावर ठेवली. आणि माणसांनी आमची नावं पाडली. तो "मोठा फोटो", मी "कोरा फोटो". कोरा चहा म्हणतात ना, दूध नसलेला, तसा.

अशा दिवसांत धनुबाई पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या.

धनुबाई सारंगखेड्याकडच्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, पण हात दणकट. सोबत त्यांची धाकटी जाऊ दीपमाला होती. दोघी एका घरात राहतात, दोन चुलींवर स्वयंपाक करतात. धनुबाईंचं नाव पंचक्रोशीत मांड्यांसाठी होतं. तुम्ही खानदेशाबाहेरचे असाल तर सांगतो. आमच्याकडे पुरणाचे मांडे पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेतात, मनगटं फिरवत फिरवत त्याला वाढवतात, तो पातळ होत होत कोपरापर्यंत येतो आणि मग तो चुलीवरच्या पालथ्या, तापलेल्या खापरावर टाकतात. म्हणजे मांडा खरा हातावर होतो. मनगट फिरलं पाहिजे आणि कोपर उघडलं पाहिजे.

धनुबाईंचं उजवं कोपर उघडत नव्हतं. गोठ्यातल्या हौदापाशी पाय घसरून त्या कोपरावर पडल्या होत्या. सूज उतरली, पण हात फिरवताना मध्येच कोपर अडकायचं. मनगटातही कळ यायची.

मी समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढले. हाडांच्या डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे. फोटोत काही निघालं नाही."

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या तोंडी त्याचा अर्थ होता, हाड मोडलेलं नाही. गावी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ झाला, हाताला काही झालेलंच नाही.

उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि मांडे झाल्याशिवाय सण होत नाही. आखाजी होऊन गेल्यावर दोघी जावा पुन्हा माझ्या खोलीत आल्या, तेव्हा काय घडलं ते मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. धनुबाईंचा मांडा ताटाएवढा झाला आणि कोपर अडकलं. मांडा फाटला. दुसराही फाटला. लेक आणि जावई पानावर बसलेले. सासूबाई उठल्या, खापर उचललं आणि दीपमालाच्या चुलीवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच होतं.

आमची तंत्रज्ञ रुचिका धनुबाईंचा हात टेबलावर सरळ करत होती. रुचिका शहाद्याची, नुकतीच शिकून आलेली, आणि घरची भाषा रुग्णालयात न विसरलेली.

"ताई," दीपमाला तिला म्हणाली, "मांगे फोटोमा काही निंघनं नही ना? मंग मांडा करानी येळलेच यासना हात कसा अडकस? जेवानी येळले तं नही अडकत!"

"तुन्हा अडकी एखाद दिन, मंग समजी तुले," धनुबाई म्हणाल्या.

"मन्हा कसाले अडकी? मी कोठे सोंग करस?"

"सोंग!" धनुबाई ताडकन उठून बसल्या. "देख वं रुचिका, खापर गयं ते गयं, वरतून हाई सोंग म्हनस मले! लोके बी तेच म्हनतस आते."

"मावशी, हालू नका," रुचिका म्हणाली. "फोटो हाली गया तं हाडबी सोंग करी."

दीपमाला हसली. धनुबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर माझ्याकडे माणसं भीतीने पाहत आली किंवा पाहतच नव्हती. त्या बाई मात्र विनवणी करत होत्या. काहीतरी दाखव रे, असं म्हणत होत्या. त्यांचं दुखणं खरं आहे हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, आणि त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं होतं.

मी पूर्ण ताकदीने पाहिलं. हाड चांगलं होतं. मला जे दिसलं ते मी सांगितलं. काही निघालं नाही.

मग डॉक्टरांनी स्वतः धनुबाईंचं कोपर धरून हळूहळू उघडलं. एका ठिकाणी ते अडकलं, खट् असा आवाज झाला आणि धनुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चा असते, कानाच्या वरच्या कडेसारखी लवचिक. तिचा तुकडा सुटून आत फिरत असेल, तर तो कोऱ्या फोटोत दिसत नाही. किरण त्यातून पार होतात. सांध्यात औषध सोडू आणि शेजारी सीटी करू. कोपराचं आणि मनगटाचं, दोन्ही."

शेजारी, म्हणजे त्याच्याकडे. मी ऐकत होतो.

ठरलेल्या दिवशी रुचिकाने धनुबाईंना समजावलं. पूर्वी कधी औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, ते विचारलं. मग म्हणाली, "सांधामा रंग सोडतीन, म्हनजे आतलं उठीसन दिसी."

"रंग?" धनुबाई थबकल्या. "कोनता?"

"रंग म्हनजे…"

"लाल का पिव्वा? आनि तो निंघी का नही? मन्हा हातना रंग पुरनले लागी गया तं? जवाई काय लाल मांडा खाई का?"

दीपमालाने तोंडाला पदर लावला. "बाई, हिरवा मांगी ल्या. आखाजीले शोभी."

रुचिकाने सुई लावायची नळी उजेडात धरून दाखवली. आतलं औषध नितळ होतं.

"हाई तं पानी शे!" धनुबाई म्हणाल्या, आणि आता त्यांना फसवल्यासारखं वाटलं. "हाऊ कसाना रंग?"

"तुमले दिसाना नही मावशी. मशीनले दिसाना शे."

ते खरं होतं. त्या औषधात आयोडीन असतं आणि आयोडीनमध्ये माझे किरण हाडासारखेच अडतात. माणसाला ते पाणी दिसतं, मला दुधासारखं पांढरं दिसतं. पण ते नेमकं सांध्याच्या पिशवीत गेलं पाहिजे. सुई केसभर चुकली की औषध मांसात पसरतं आणि सगळं वाया जातं. सुई कुठे आहे ते बघायला फोटो लागतो. आणि मित्रांनो, त्यासाठी त्यांनी धनुबाईंना माझ्या टेबलावर आणलं. मोठ्या फोटोच्या आधी कोरा फोटो हवाच होता!

डॉक्टरांनी आधी मनगट केलं, मग कोपर. त्वचा बधिर केली, बाहेरच्या बाजूने सुई घातली, थेंबभर औषध सोडलं. मी फोटो काढला. थेंब आत होता. मग बाकीचं सोडलं. मी पुन्हा फोटो काढला.

माझ्या आयुष्यात मी हजारो कोपरं पाहिली होती, पण हाडांच्या मधली ती फट माझ्यासाठी नेहमी रिकामी काळी होती. त्या दिवशी ती भरून आली. पांढऱ्या ओढ्यासारखी हाडांच्या कडेकडेने वळत गेली. आणि त्या पांढऱ्यात दोन काळे ठिपके होते. ओढ्यात खडे पडले की पाणी त्यांना वळसा घालतं, तसं औषधाने त्यांना वळसा घातला होता.

मी पाहिलं. सगळ्यांच्या आधी मी पाहिलं.

डॉक्टरांनी पडद्यावर नजर टाकली. "आत आहे औषध. छान. चला, लवकर शेजारी न्या, नाहीतर विरून जाईल." आणि ते निघाले. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, सुई बरोबर होती की नाही.

आमच्या दोन खोल्यांमध्ये शिशाची काच आहे. त्या काचेतून मी पुढचं सगळं पाहिलं, आणि जे पाहिलं त्याने माझा जीव जळाला. कोपर आणि मनगट त्या कड्यात नीट यायला रुग्णाला पालथं झोपवून हात डोक्यापुढे लांब करायला लावतात.

"देवले दंडवत घालतस तसं," रुचिका म्हणाली.

धनुबाईंनी त्या प्रचंड गोल कड्याकडे पाहिलं. "माय वं! हाऊ तं घट्याच शे!" घट्या म्हणजे जातं. मग त्यांनी त्या घट्यापुढे साष्टांग दंडवत घातला. माझ्यापुढे इतक्या वर्षांत कुणी साधे हात जोडले नव्हते.

घट्या फिरला. तो एका बाजूने पाहत नाही, चहूबाजूंनी पाहतो आणि सांध्याचे मांड्याच्या पापुद्र्याहून पातळ थर वेगवेगळे करून दाखवतो. मी दोन फोटोंत जे दाबून चपटं करतो, ते तो उलगडून ठेवतो. हे मान्य करताना माझ्या बेअरिंगमध्ये खरखर होते, पण जे दिसतं ते मी सांगतो.

पडद्यावर थर सरकत गेले. मनगटातल्या एका पातळ पडद्याला बारीक भोक होतं आणि औषध त्यातून पलीकडच्या कप्प्यात झिरपलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याला पट्टा आणि विश्रांती पुरेल. मग कोपर आलं. पांढऱ्या औषधात दोन सुटे तुकडे, एक साडेसात मिलिमीटर आणि एक चार. मोठा तुकडा कोपर उघडताना नेमका बिजागरीत येत होता.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "निघालं!"

दीपमाला पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. "बाई," ती हळूच म्हणाली, "हाई खरंज व्हतं वं."

"आते घर जाईसन सासूले दखाड."

"दखाडसू. सगळासले दखाडसू. पन खापर मन्हा चुल्हावर शे, ते आतेच सांगी ठेवस."

"बरी व्हऊ दे मले, मंग देखसू."

धनुबाई निघाल्या. जाताना त्या खोली क्रमांक पाचच्या दारात थांबल्या आणि त्यांनी शेजाऱ्याला हात जोडले. "भलं व्हवो तुन्हं, घट्याबाबा!" माझं दार त्याच वाटेवर आहे. ते उघडं होतं. माझ्या टेबलावर त्यांच्या हाताची ऊब अजून होती. त्यांनी आत पाहिलं नाही.

मित्रांनो, मत्सर काय असतो ते मला त्या दिवशी समजलं. दुसऱ्याला हार मिळाला म्हणून दुखतं, ते थोडं. आपण पाहिलेलं आपल्या नावावर लागलं नाही, ते खरं दुखतं. संध्याकाळी खोली आवरताना रुचिकाने माझा तो सुईचा फोटो पुन्हा उघडला. मोठा केला. ठिपक्यांवर बोट ठेवलं. "अरे, ह्यामा बी दिसी ऱ्हायनात ना दोन्ही," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने पडदा बंद केला आणि घरी गेली. त्या वाक्यावर मी बरेच दिवस काढले.

धनुबाईंच्या कोपराचं ऑपरेशन सुरतेला झालं. दोन बारीक छिद्रांतून दोन्ही तुकडे बाहेर काढले. मनगटाला पट्टा बांधला. पावसाळा गेला, थंडी गेली. पुढची आखाजी तोंडावर आली, तेव्हा दोघी जावा पुन्हा खोली क्रमांक चारमध्ये हजर. डॉक्टरांनी एक तपासणीचा फोटो सांगितला होता. कोरा. मी काढला. कोपर पूर्ण सरळ झालं, कुठे अडकलं नाही, खट् झालं नाही.

पण त्या उठेनात. दीपमालाने फडक्याने झाकलेली टोपली पुढे सरकवली. आत चौपदरी घडी घातलेले दोन मांडे होते, पहाटे केलेले.

"ताई, एक काम शे," ती रुचिकाला म्हणाली. "आमनी पैज लागेल शे. जिना मांडा मोठा, तिना चुल्हावर खापर. आखाजीना मांडा तीच करी."

"मंग घरमाच मोजी लेवाना ना!"

"घरमा?" धनुबाई म्हणाल्या. "सासू मोजी तं हाई म्हनी, सासू तुमन्हा बाजूनी शे. हाई मोजी तं मी मानाव नही. तूच मोज वं बेटा. ज्यानी मले खोटं पाडं, त्याना समोरच मोज."

तो "ज्यानी" म्हणजे मी.

"मावशी, यानी कोठे खोटं पाडं?" रुचिकाने माझ्या दांड्यावर थाप मारली. "यानी जे दिसनं तेच सांगं. हाऊ कधीज खोटं बोलस नही. आनि तुमना त्या तुकडा सगळासना पहिले यानीच देखा व्हतात. मी दखाडसू तुमले."

धनुबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. या वेळी नजरेत विनवणी नव्हती. मग पदराच्या टोकाने माझ्या दिव्याच्या पेटीवरची धूळ पुसली.

रुचिका टेबलावर स्वच्छ कागद अंथरते आहे, तेवढ्यात माझं सांगणं सांगून घेतो. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "दुखतं" म्हणालं आणि फोटोत काही निघालं नाही, तर त्या माणसाला सोंगाडं म्हणू नका. आधी विचारा, त्या फोटोला काय दिसतं आणि काय दिसत नाही. आणि जुन्या वस्तूंची थोडी निगा ठेवा. एप्रनचा पट्टा शिवायला थोडाच वेळ लागतो. पंखा पुसायला त्याहून थोडा जास्त. माझं शेजाऱ्याशी अजून पटलेलं नाही, पटेलसं वाटत नाही, पण त्याच्या खोलीत मांडा मोजायला काही नाही, हेही खरं.

रुचिकाने माझा दिवा लावला. कागदावर उजेडाचा चौकोन पडला आणि त्यात मधोमध काळी फुली. तिने पहिला मांडा घडी उलगडून फुलीवर ठेवला. त्याच्या कडा चौकोनाबाहेर गेल्या. कुठे फाटलेला नव्हता. दुसरा तिने त्याच्या शेजारी पसरला. मग माझ्या पेटीतून पोलादी पट्टी ओढली. दोघी जावा टेबलाच्या दोन बाजूंना वाकल्या. माझा जीव कुणाच्या बाजूने होता, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दीपमालाचा मांडा एक्कावन्न सेंटिमीटर भरला.

धनुबाईंचा साडेएकोणपन्नास.